संहिता आणि प्रयोग : आधुनिक मराठी कवितेतील एका विभागणीचा इतिहास

आजच्या मराठी कवितेविषयी बोलताना दोन तक्रारी हमखास ऐकू येतात. कवितेला वाचक उरला नाही, ही पहिली. आणि मंचावरच्या कवितेने श्रोत्यांची अभिरुची बिघडवली, ही दुसरी. दोन्ही तक्रारी एकाच तोंडून येतात आणि त्यांतील विसंगती सहसा कोणाला जाणवत नाही. साहित्य संमेलनाच्या कविकट्ट्यावर नाव नोंदवून तासन् तास थांबणारी माणसे, भीमजयंतीच्या रात्री वस्तीवस्तीतून होणारे गायनाचे कार्यक्रम, शाहिरी जलसे, आणि अलीकडे मराठीतून रॅप करणारी मुले हे सारे कवितेचेच व्यवहार आहेत. पण कवितेच्या स्थितीचा आढावा घेणारा समीक्षक हिशेब मांडतो तो काव्यसंग्रहांचा आणि नियतकालिकांचा. ही हिशेबाची पद्धत केव्हा आणि कशी रूढ झाली, हे पाहिल्याशिवाय समकालीन प्रयोगरूप कवितेविषयी जबाबदारीने काही म्हणता येणार नाही.

मराठी कविता मूळची मौखिक आहे हे विधान आता इतके घासून गुळगुळीत झाले आहे, की त्यातून फारसे काही निष्पन्न होत नाही. अधिक उपयुक्त गोष्ट अशी की, मुद्रणपूर्व काळातही लेखन होतेच. परंतु ते प्रयोगाच्या सेवेत होते. कीर्तनकारांची बाडे हे त्याचे उत्तम उदाहरण. बाडातील अभंग क्रमाने वाचण्यासाठी टिपलेले नसत. निरूपणाच्या ओघात हाताशी असावेत म्हणून उतरवून घेतलेले असत. संतकवितेच्या पाठभेदांचा गुंता सोडवताना संशोधकांना ही बाडे अशुद्ध वाटली, कारण ती शुद्ध संहितेच्या कल्पनेने लिहिलीच गेली नव्हती. ख्रिश्चन नोव्हेट्झके ह्यांनी नामदेवपरंपरेच्या अभ्यासात (२००८) बाडांच्या ह्या स्वरूपाकडे लक्ष वेधले. मराठी पाठचिकित्सेला तोवर हा प्रश्न प्रश्न म्हणून दिसला नव्हता.

छापखाना आल्यावर प्रयोगरूप कविता पुस्तकात शिरली खरी, पण कोणत्या दाराने शिरली हे पाहण्यासारखे आहे. १८९१ साली एच. ए. अ‍ॅकवर्थ आणि शंकर तुकाराम शाळिग्राम ह्यांनी पोवाड्यांचा संग्रह प्रसिद्ध केला. अ‍ॅकवर्थ हे मुंबईचे महापालिका आयुक्त. वडाळ्याच्या कुष्ठरोग रुग्णालयाला त्यांचेच नाव आहे. संग्रहाचे शीर्षक 'इतिहासप्रसिद्ध पुरुषांचे व स्त्रियांचे पोवाडे' असे होते. शीर्षकातच निवडीचा निकष आला : पोवाडा ज्याच्यावर रचला तो पुरुष इतिहासप्रसिद्ध असला पाहिजे. शाहीर, त्याची चाल, त्याचे झीलकरी, त्याचा श्रोतृवर्ग ह्यांना ह्या निकषात जागा नव्हती. पुढे १९२८ पासून य. न. केळकरांनी 'ऐतिहासिक पोवाडे' संपादित केले, तेव्हाही मूळ भूमिका हीच राहिली. ह्या संपादकांचे उपकार अमान्य करण्याचे कारण नाही. त्यांनी श्रम घेतले नसते तर कितीतरी रचना लुप्त झाल्या असत्या. परंतु अफजलखानवधावरील अज्ञानदासाचा पोवाडा विद्वानांपुढे आला तो साधन म्हणून, काव्य म्हणून नव्हे, आणि मराठी अभ्यासाने पोवाड्याकडे पाहण्याची रीत तेथून घेतली.

ह्याच संदर्भात आणखी एक गोष्ट आठवावी लागते. अ‍ॅकवर्थ–शाळिग्रामांच्या आधी बावीस वर्षे, १८६९ मध्ये, जोतीराव फुल्यांनी शिवाजीमहाराजांवरील पवाडा छापून प्रसिद्ध केला होता. आपला श्रोता कोण हे पक्के ठाऊक असलेल्या एका आधुनिक लेखकाने जाणीवपूर्वक निवडलेला तो प्रयोगक्षम काव्यप्रकार होता. तरीही 'आधुनिक मराठी कवितेचे जनक' हा किताब केशवसुतांना देताना फुल्यांचे नाव स्पर्धेतही नसते. त्यांचा पवाडा सामाजिक विचारांच्या खात्यात जमा झाला. केशवसुतांची थोरवी ह्याने कमी होत नाही. प्रश्न एवढाच की, आधुनिकतेची जी व्याख्या त्यांच्या कवितेवरून बेतली गेली तिच्यात एकट्याने वाचणारा, सुशिक्षित, नियतकालिकाचा वाचक गृहीत धरला गेला आणि समूहाने ऐकणारा श्रोता आपोआप गळाला.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ह्या विभागणीला छेद देऊ शकेल असा एक प्रयोग पुण्यात झाला. १९२३ साली स्थापन झालेल्या रविकिरण मंडळाने काव्यगायनाची प्रथा लोकप्रिय केली. माधव जूलियन, यशवंत, गिरीश हे कवी आपल्या कविता चालीवर म्हणत आणि त्यासाठी श्रोते जमत. ह्या गायनाची चेष्टाही पुष्कळ झाली. केशवकुमारांच्या 'झेंडूची फुले' (१९२५) ह्या विडंबनसंग्रहाने मंडळाच्या लकबी कायमच्या टिपून ठेवल्या. पण चेष्टेच्या पलीकडे एक गोष्ट आहे. ज्या माधव जूलियनांनी काव्यगायनाला प्रतिष्ठा दिली त्यांनीच 'छन्दोरचना' लिहून मराठी पद्याच्या उच्चारलक्ष्यी अंगाचा सर्वांत कसून विचार केला, आणि मुंबई विद्यापीठाने १९३८ साली त्या ग्रंथासाठी त्यांना डी.लिट. दिली. म्हणजे कवितेचा कानाशी असलेला संबंध हा पांडित्याचा विषय होऊ शकतो, हे तेव्हा विद्यापीठाला मान्य होते. पुढच्या पन्नास वर्षांत छंदःशास्त्र अभ्यासक्रमातील एका प्रश्नपत्रिकेचा कोपरा होऊन बसले.

काव्यगायन मागे पडण्याची कारणे केवळ अभिरुचीच्या बदलात शोधून चालणार नाही. त्यांतील एक तांत्रिक होते. ध्वनिमुद्रिका आणि नभोवाणी ह्यांनी कविता गाण्याचे काम कवीच्या गळ्यातून काढून व्यावसायिक गायकाकडे दिले. ना. घ. देशपांड्यांची 'शीळ' घरोघर पोचली ती जी. एन. जोशींच्या आवाजात. भावगीत नावाचा स्वतंत्र प्रकार रूढ झाला. १९५५–५६ मध्ये पुणे आकाशवाणीवरून 'गीतरामायणा'ची छप्पन्न गीते वर्षभर प्रसारित झाली, तोवर गीतकार, संगीतकार, गायक अशी श्रमविभागणी पूर्ण झालेली होती. दुसरे कारण रचनेचे. अनिलांनी 'फुलवात' (१९३२) नंतर, विशेषतः 'भग्नमूर्ती'पासून (१९४०), जो मुक्तछंद रुळवला तो गाता येत नव्हता. त्याला वाचनच हवे होते, आणि वाचनाची शैली तर अजून कोणी घडवली नव्हती.

ह्या पोकळीत मर्ढेकरांची कविता आली. 'काही कविता' (१९४७) ह्या संग्रहाने मराठी कवितेचे जे वळण निश्चित केले त्याची चर्चा येथे पुन्हा करण्याचे प्रयोजन नाही. लक्षात घ्यायची ती एक विलक्षण गोष्ट. ओवी आणि अभंग हे प्रयोगातून घडलेले छंद मर्ढेकरांनी उचलले आणि त्यांच्या ओळखीच्या नादाखाली अनोळखी प्रतिमा ठेवल्या. ह्यातला विसंवाद कळायला वाचकाच्या कानात मूळ चाल असावी लागते. म्हणजे ही कविता कानावरच्या संस्कारावर उभी आहे. पोटासाठी तर मर्ढेकर नभोवाणीतच होते, आणि श्राव्य माध्यमासाठी त्यांनी संगीतिकाही लिहिल्या. तथापि त्यांच्या सौंदर्यविचारात साहित्यकृतीची संघटना शोधायची ती अर्थाच्या, भावनात्मक संबंधांच्या पातळीवर. उच्चार, आवाज, श्रोता ह्यांना तेथे घटक म्हणून स्थान नाही. मर्ढेकरांच्या पश्चात मराठी समीक्षेने त्यांचे सिद्धान्त घेतले आणि त्यांचा कान सोडून दिला. 'सत्यकथे'च्या पिढीत कविता हे एकांतात, पुन्हापुन्हा, मुकाट्याने वाचायचे आणि उलगडायचे रचित ठरले. ह्या शिस्तीने मराठी समीक्षेला बारकाई दिली हे खरेच; पण जी कविता एकदाच, मोठ्याने आणि इतरांसोबत भेटते तिच्यासाठी ह्या शिस्तीकडे परिभाषा नव्हती.

वाचनाची शैली घडवण्याचे काम विंदा करंदीकर, मंगेश पाडगावकर आणि वसंत बापट ह्या त्रयीने केले. त्यांच्या काव्यवाचनाच्या दौऱ्यांमुळे महाराष्ट्रातील लहान गावांतही आधुनिक कविता ऐकायला माणसे जमू लागली. बापट राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकातून आलेले, पाडगावकर काही काळ आकाशवाणीत होते, करंदीकर इंग्रजीचे प्राध्यापक. तिघांची मंचाची तालीम वेगवेगळी होती. समीक्षेने ह्या दौऱ्यांकडे कवितेचा प्रसार म्हणून पाहिले. कविता आधीच सिद्ध आहे, मंचावर ती फक्त पोचवली जाते, असा त्यामागचा समज. पण पाडगावकरांची 'सलाम' (१९७८) ही कविता पाहावी. एका शब्दाच्या पुनरावृत्तीवर ती उभी आहे. पानावर ही पुनरावृत्ती लवकरच अंदाजात येते आणि डोळा पुढे सरकतो. सभागृहात पुढे सरकण्याची सोय नसल्याने तोच शब्द साठत जातो, आधी हशा येतो आणि मग हशाची लाज. ही परिणामरेषा संहितेतून निघते, पण पूर्ण होते ती काळात, श्रोत्यांच्या समवेत. करंदीकरांची तालचित्रे तर उच्चाराशिवाय अर्धीच राहतात.

येथपर्यंतचा इतिहास मध्यमवर्गीय मंचाचा झाला. प्रयोगरूप कवितेची अधिक समृद्ध आणि अधिक उपेक्षित परंपरा जलसा आणि शाहिरीची आहे. सत्यशोधक जलशांनी तमाशाचा सांगाडा घेऊन त्यातील गण, गौळण ह्यांचा आशय बदलला. आंबेडकरी जलशांनी १९३० च्या दशकात त्याच सांगाड्यातून सभा, सत्याग्रह आणि शिक्षण ह्यांचा संदेश खेडोपाडी नेला. भीमराव कर्डकांनी 'आंबेडकरी जलसे : स्वरूप व कार्य' (१९७८) हे पुस्तक लिहून ठेवले नसते तर ह्या जलशांचे स्वरूप पुढच्या अभ्यासकांना बहुतांशी ऐकीव माहितीवरून जुळवावे लागले असते. एका कलावंताला उतारवयात आपल्या कलेचा इतिहासही स्वतःच लिहावा लागला.

१९४४ साली अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गवाणकर ह्यांनी लाल बावटा कलापथक उभे केले. ह्या पथकाच्या कवितेचा विचार करताना 'माझी मैना गावावर राहिली' ही छक्कड अपरिहार्यपणे समोर येते. रचना अण्णा भाऊंची. पण संयुक्त महाराष्ट्राच्या सभांना गेलेल्यांच्या स्मरणात ती आहे अमर शेखांच्या पहाडी आवाजात. मग कवी कोण? छापील संस्कृतीत हा प्रश्न उद्भवतच नाही. येथे मात्र तो गंभीर आहे, कारण रचनेची कळ प्रयोगात आहे. गावी राहिलेली मैना ही आधी गिरणगावातल्या चाकरमान्याची बायको असते. श्रोत्यांतील बहुतेकांची बायको खरोखरच गावी असते, त्यामुळे ते धृपदात कधी सामील झाले हे त्यांचे त्यांनाही कळत नाही. आणि विरह असा सर्वांचा झाल्यावर मैना सीमाभागाचे रूप घेते. राजकीय अर्थ श्रोत्याला पटवून द्यावा लागत नाही. त्याने तो आधीच गाऊन टाकलेला असतो. रूपकाचे हे वळण पुस्तकात वाचले तर सरळ, किंचित भाबडेही वाटते. दोन अर्थांच्या मध्ये झीलकऱ्यांनी आणि जमावाने घेतलेला वेळ पुस्तकात नसतो. छापताना धृपद बहुधा एकदा पूर्ण आणि नंतर पहिल्या शब्दापुरते दिले जाते, आणि चौकांमधील शाहिराचे बोलणे तर वगळलेच जाते. समीक्षक मग ह्या उरलेल्या अवशेषाला 'प्रचारकी' म्हणतो.

शासनाला मात्र ह्या कवितेचे सामर्थ्य नेमके कळले होते. स्वातंत्र्यानंतर लगेचच्या काळात मुंबई सरकारने तमाशावर आणि कलापथकाच्या कार्यक्रमांवर बंदी आणली. तमाशाला 'लोकनाट्य' हे नाव रुळले ते ह्याच सुमारास. १९४८ च्या आसपासच मर्ढेकरांवर अश्लीलतेचा खटला भरला गेला होता, आणि अखेर ते निर्दोष सुटले. दोन प्रकरणे शेजारी ठेवून पाहावीत. मर्ढेकरांच्या बाबतीत आरोपी होते छापलेले शब्द, आणि त्यांच्या बचावासाठी साहित्यविचाराची सारी सामग्री उपलब्ध होती. शाहिरांच्या बाबतीत बंदी होती जमण्यावर, घटनेवर. तिच्या बचावासाठी मराठी समीक्षेकडे शब्द नव्हते आणि ते शोधण्याची निकडही कोणाला भासली नाही. अमर शेखांचे 'कलश' आणि 'धरतीमाता' हे संग्रह निघाले, तरी आधुनिक कवितेच्या आढाव्यात त्यांना दोन ओळींपलीकडे जागा क्वचितच मिळते. मुंबई विद्यापीठात आज त्यांच्या नावाचे अध्यासन आहे हे योग्यच झाले. पण विद्यापीठीय व्यवहारात शाहिराचा निवास लोककलेच्या बाजूला ठरतो आणि कवीचा मराठी विभागात, ही वाटणी त्यामुळे बदलली असे नाही.

अपवाद आहेत, आणि ते महत्त्वाचे आहेत. म. वा. धोंडांनी 'मऱ्हाटी लावणी' (१९५६) मध्ये लावणीकडे गाणारा, ऐकणारा आणि चाल ह्यांच्या संदर्भात पाहिले. बहिणाबाई चौधरींच्या मौखिक ओव्यांना तर समीक्षेने मुक्तपणे कवितेचा मान दिला. पण तो त्यांच्या मृत्यूनंतर, १९५२ साली, आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह पुस्तक निघाल्यावर. बहिणाबाईंचे कौतुक करताना जात्याची लय हे पार्श्वभूमीचे वर्णन म्हणून येते. ती लय ओळीची लांबी कशी ठरवते, श्वास कोठे पडतो, हे पाहणारी चिकित्सा विरळाच आहे.

ह्या विभागणीचे सर्वांत वेदनादायक रूप दलित कवितेच्या इतिहासात दिसते. 'गोलपिठा' १९७२ साली विजय तेंडुलकरांच्या प्रस्तावनेसह आला. नामदेव ढसाळांनी मुक्तछंद निवडला, जलशाचा सांगाडा नाही. ही निवड त्यांना हवी असलेली विस्फोटकता देणारी होती आणि तिच्याविषयी खंत करण्याचे काही कारण नाही. त्याच दशकात वामनदादा कर्डकांचे 'वाटचाल' आणि 'मोहळ' हे संग्रह छापले गेले. वामनदादा मोठेपणी मुंबईत अक्षर शिकले आणि त्यांची गाणी लेखनाच्या कितीतरी आधी वस्त्यांमध्ये पोचलेली होती. दलित साहित्याची जी समीक्षा सत्तर–ऐंशीच्या दशकांत उभी राहिली तिने ढसाळांना, दया पवारांना, केशव मेश्रामांना कवी म्हणून अभ्यासले आणि वामनदादांना समाजाचे गायक म्हणून वंदन केले. प्रस्थापित समीक्षेची श्रेणीव्यवस्था नाकारणाऱ्या विद्रोही समीक्षेतही संहिता वर आणि प्रयोग खाली ही उतरंड अशी शाबूत राहिली. चित्रपटगीताची चाल घेणे हे त्या गीतांचे वैगुण्य मानले गेले. वास्तविक, ऐकणाऱ्याला आधीच पाठ असलेली चाल घेऊन तिच्यात अनपेक्षित आशय भरणे ही मर्ढेकरांनी अभंगाबाबत केलेलीच युक्ती आहे; दोहोंतील फरक कुळाचा आहे, रीतीचा नाही.

ऐंशीनंतर गझलेच्या मैफली आणि कविसंमेलने ह्यांचा विस्तार झाला. सुरेश भटांच्या 'एल्गार' (१९८३) नंतर मंचावर गझल हा राजमान्य प्रकार ठरला. गझलेच्या दुसऱ्या ओळीतील पलटीसाठी श्रोत्याला पहिल्या ओळीवर थांबवून ठेवावे लागते. ही प्रयोगाचीच गरज. तीच गरज पुढे अनुकरणात टाळीची हमी झाली. मंचीय कवितेवर घेतल्या जाणाऱ्या आक्षेपांत तथ्य आहे, हे येथे स्पष्ट म्हटले पाहिजे. आई, बाप, शेतकरी, गाव हे विषय ठरावीक गहिवराने मांडणाऱ्या कविता संमेलनांतून शेकड्यांनी ऐकायला मिळतात आणि त्यांतील पुष्कळशा निकृष्ट आहेत. परंतु त्या मंचावर म्हटल्या गेल्या म्हणून निकृष्ट नाहीत. श्रोत्याला जे आधीच मान्य आहे त्याचीच पावती त्या फाडून देतात. 'माझी मैना' ही रचना श्रोत्याच्या मान्य दुःखापासून निघते आणि त्याला न ठरवलेल्या जागी नेते. ह्या कविता निघतात तेथेच परततात. असा भेद करण्यासाठी प्रयोगाचे स्वतःचे निकष लागतात. ते तयार नसल्याने समीक्षक एकतर सारा मंच नाकारतो किंवा लोकप्रियतेपुढे मान तुकवतो.

मौखिक काव्याचा पद्धतशीर विचार जगात इतरत्र झालेला नाही असे नाही. मिल्मन पॅरी आणि अ‍ॅल्बर्ट लॉर्ड ह्यांचे दक्षिण स्लाव गायकांवरील काम मराठी अभ्यासकांना अपरिचित नव्हते. मात्र ते येथे लोकसाहित्याच्या वर्गात शिकवले गेले. जिवंत शाहिराचा, नाव–गाव असलेल्या, आज सायंकाळी गाणार असलेल्या कवीचा अभ्यास त्या चौकटीतही सहज बसत नाही. समूहाची अनामिक निर्मिती ही कल्पना त्याच्या आड येते.

तो शाहीर आजही गातो आहे. २००२ साली पुण्यात कबीर कला मंच सुरू झाला. त्याच्या कलावंतांना २०११ नंतर आणि पुन्हा २०२० मध्ये अटका झाल्या. संभाजी भगतांच्या शाहिरीने 'शिवाजी अंडरग्राउंड इन भीमनगर मोहल्ला' (२०१२) ह्या नाटकाला आकार दिला. २०१९ मध्ये 'स्वदेसी' ह्या गटाने प्रकाश भोईर ह्यांच्यासह आरेच्या जंगलातील आदिवासींच्या प्रश्नावर 'द वारली रिव्होल्ट' हे रॅप केले. त्यात आदिवासी गाण्याचा सूर आणि रॅपचा गद्याशी लगटणारा वेग एकमेकांना भिडतात. अशा भिडण्यातून मराठी उच्चाराचे, विशेषतः शब्दांत्य अकाराच्या लोपाने येणाऱ्या आघाताचे, काय होते हा छंदःशास्त्राला नवा विषय मिळवून देणारा प्रश्न आहे. चैतन्य ताम्हाणे ह्यांच्या 'कोर्ट' (२०१४) चित्रपटात एका वृद्ध लोकशाहिरावर खटला चालतो तो गाण्याने एका सफाई कामगाराला आत्महत्येस प्रवृत्त केल्याचा. कथा काल्पनिक आहे. पण कवितेच्या परिणामाची चर्चा मराठीत न्यायालयाच्या भाषेत होते आणि समीक्षेच्या भाषेत होत नाही, ही त्या चित्रपटाने टिपलेली गोष्ट काल्पनिक नाही.

विलास घोगरे ह्यांचे उदाहरण येथे नोंदवले पाहिजे. ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई नगरात पोलिसांच्या गोळीबारात दहा जण मारले गेले आणि त्यानंतर काही दिवसांत ह्या शाहिराने जीवन संपवले. त्यांचे गाणे आज ऐकता येते ते प्रामुख्याने आनंद पटवर्धन ह्यांच्या 'हमारा शहर' (१९८५) आणि 'जय भीम कॉम्रेड' (२०११) ह्या माहितीपटांतून. त्यांच्या कवितेवर प्रबंध लिहू पाहणाऱ्या विद्यार्थ्याला संहिता मिळवायची तर ग्रंथालयातील काव्याच्या फडताळापाशी जाऊन भागणार नाही. त्याला चित्रफीत लावून, थांबवून, डफाचा ठोका कोठे पडतो आणि झील कोणत्या अक्षरावर उचलली जाते हे टिपत बसावे लागेल. त्या टिपणाची लेखनपद्धती कोणती असावी, ह्याविषयी मराठी विभागांनी अद्याप काही ठरवलेले नाही.